व्ही आणि ए यांच्यातली जागा

आईने अंत्यविधीच्या कार्यालयातून शोकपत्रिकेचा नमुना आणला आणि माझ्या कळफलकावरच ठेवला. काळी चौकट, कोपऱ्यात विलोची झुकलेली फांदी, वर दोन ओळींची कविता आणि मधली जागा नावासाठी मोकळी.

"नाव, तारखा आणि खाली आपल्या दोघींची नावं," ती म्हणाली. "एवढंच भरायचंय. बाकी सगळं तयार आहे त्यांच्याकडे."

"बाबांना ही फांदी बघवत नसे, आई."

"बाबा कुठे वाचणार आहेत, ब्लाझेंका?"

ती स्वयंपाकघरात गेली. तिथे खसखशीच्या कोलाचचं पीठ फुगत ठेवलं होतं. अंत्यविधीनंतर माणसं घरी येणार, त्यांना काहीतरी गोड द्यावं लागतं. वडील गेल्यापासून ती हातावर हात ठेवून बसलेली मी पाहिली नव्हती. मीही बसले नव्हते. तिने ओट्यापाशी जे चालवलं होतं तेच मी कॉम्प्युटरच्या पडद्यासमोर चालवलं होतं.

वडील, बोह्दान वालेक, ब्रनोतल्या टाइप फाउंड्रीत, छपाईचे खिळे ओतण्याच्या कारखान्यात, अक्षरं रेखाटायचे. फाउंड्री बंद पडली तशी त्यांनी घरी स्वतःची एक अक्षरमालिका काढायला घेतली. आधी शाईने, मग साठी उलटल्यावर आणि माझ्याशी पुष्कळ भांडून, कॉम्प्युटरवर. आकार सगळे काढून झाले होते. मालिकेला नाव द्यायचं राहिलं होतं. बागेत आलुबुखार वेचताना ते खाली बसले आणि पुन्हा उठले नाहीत.

मला ती पत्रिका त्यांच्या अक्षरांत हवी होती. आमच्याकडे पत्रिका नगरपालिकेच्या काचेच्या सूचनाफलकावर लागते, नातेवाइकांना टपालाने जाते, आणि लोक ती कपाटात जपून ठेवतात. माणसाचं नाव शेवटचं छापलं जातं ते तिथे. ते दुसऱ्या कुणाच्या अक्षरांत छापलं जावं हे मला सहन होत नव्हतं. याहून मोठं कारण माझ्याकडे नव्हतं.

वेळ शुक्रवारी दुपारपर्यंत होता. वडिलांचे मित्र क्रेझाकाका त्यांच्या छोट्या छापखान्यात पत्रिका छापून देणार होते, पण शुक्रवारी दुपारी ते यंत्र बंद करून गावाला जातात आणि कुणासाठीही थांबत नाहीत. तोवर जमलं नाही, तर विलोची फांदी.

खरं तर हे काम माझ्या रोजच्या कामातलंच. मी विद्यापीठात गणिताचं नियतकालिक जुळवते, टेख नावाच्या अक्षरजुळणीच्या प्रोग्राममध्ये. टेखला अक्षराचा आकार कळत नाही आणि लागतही नाही. त्याला फक्त मापं हवी असतात: हे अक्षर किती रुंद, किती उंच, अमक्याशेजारी तमकं आलं तर किती जवळ घ्यायचं. अक्षरांच्या रिकाम्या चौकटी तो शेजारी शेजारी मांडत जातो. वडिलांच्या मापांची फाइल मात्र दुसऱ्या पद्धतीची होती. ती टेखला समजेल अशी बदलून घ्यायची, इतकंच काम.

पहिल्यांदा बदलली तेव्हा कुठेच तक्रार आली नाही. छापून पाहिलं तर आमच्या आडनावातलं दुसरं अक्षर गायब. आमच्या चेक भाषेत 'आ' लिहिताना रोमन ए-वर तिरकी रेघ येते, आणि तो रेघेचा ए रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामच्या यादीतच नव्हता. टेखने तो गाळला आणि उरलेली अक्षरं एकमेकांना चिकटून उभी केली, मध्ये कधी कुणी नव्हतंच अशी. मी कागद पालथा घालून ठेवला आणि खिडकी उघडली.

मग मी नवी यादी लिहिली. वडिलांनी रेघा वेगळ्या काढल्या होत्या, आणि प्रत्येक अक्षरावर रेघ कुठे बसवायची याच्या पेन्सिलीच्या खुणा ट्रेसिंगच्या कागदांवर होत्या. त्या मोजून सगळ्या रेघा जागेवर बसवल्या. राहिली जवळिकीची मापं. वडिलांनी साध्या अक्षरांच्या जोड्यांना ती दिली होती, रेघेच्या अक्षरांना दिली नव्हती. मी एका ओळीचा नियम केला: रेघेचं अक्षर साध्या अक्षराप्रमाणेच वागेल. रेघेचा ए म्हणजे शेवटी ए-च. गणिताच्या नियतकालिकात आम्ही नेहमी असंच करतो. तिथे नावं बारीक टाइपात असतात, कुणी पाहत नाही.

पत्रिकेत नाव मोठं असतं.

गुरुवारी दुपारी छापून निघालं तेव्हा मोठ्या व्हीचा उजवा हात तिरका होऊन थेट ए-वरच्या रेघेला जाऊन धडकला होता. साध्या ए-ला व्हीच्या काखेत शिरायला वडिलांनी जागा दिली होती. रेघ डोक्यावर घेतलेल्या ए-ला मी त्याच जागेत कोंबलं होतं. बाबांच्या नावात, आईच्या नावात, माझ्या नावात, तिन्ही ठिकाणी.

वडिलांनी ठरवलेला आकडा कुठेतरी असणारच असं मला वाटलं. मी त्यांच्या सगळ्या फ्लॉपी उघडल्या, जुन्या आवृत्त्या काढल्या. व्ही आणि ए: वजा नव्वद, म्हणजे तितकं जवळ. व्ही आणि ओ: वजा सत्तर. रेघेच्या ए-समोर काहीच नाही. विसरले म्हणून नाही की मुद्दाम नाही, हेसुद्धा कळायला मार्ग नव्हता. मी उठले, पाणी प्यायले, बसले, पुन्हा त्याच फ्लॉपी त्याच क्रमाने उघडल्या.

फोन वाजला. क्रेझाकाका होते.

"काय गं पोरी, जमलं का? कागद कापून ठेवलाय मी. काळी शाईही ढवळून ठेवलीये. आता काय फक्त मेलेल्याच्या मुलीची वाट बघायची राहिलीये."

"एक जोडी अडलीये, काका."

"कुठली?"

"आडनावातलीच."

ते हसले, आणि मग हसलो म्हणून ओशाळले. "बोह्दानचीच कारटी तू. त्याने एका कॅलेंडरसाठी मला एक अख्खा हिवाळा ताटकळत ठेवलं होतं. हे बघ, जवळ घ्यायला जमत नाही ना, मग घेऊ नकोस. शून्य ठेव अन् मोकळी हो."

मी शून्य ठेवून पाहिलं. रेघ सुटली, पण व्ही एकटा पुढे निघून गेला आणि बाकीचं आडनाव मागे राहिलं. दात पडल्यावर जिभेला जशी जागा लागते, तशी ती जागा डोळ्याला लागत राहिली.

दोन्ही कागद घेऊन मी आईकडे गेले. तिचे हात कोपरापर्यंत पिठात होते.

"कुठलं बरं वाटतं?"

तिने मान तिरकी करून दोन्ही पाहिले. "सारखेच आहेत की."

"नीट बघ ना."

"नीटच बघतेय. बाई गं, तीस वर्षं हेच चाललंय या घरात. बशी पुसायला घेतली की तिथे कागद, आंघोळीला जावं तर आरशाला कागद. क्वेता, हे बघ, क्वेता, ते बघ, असा माझ्यामागे लागायचा. मी तेव्हाही 'सारखंच आहे' म्हणायचे. चिडायचा, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा घेऊन यायचा." तिने मनगटाने नाक पुसलं. "आता तू आणतेस."

मला तिच्याकडून उत्तर हवं होतं. ते मिळणार नाही हे कळल्यावर मी रागाने खोलीत आले. राग आईवर नव्हता. फाइलमधल्या त्या रिकाम्या ओळीवर होता.

मग मी शोधणं थांबवलं आणि आकडे घालून पाहू लागले. वजा साठ, रेघ अजून टेकत होती. वजा चाळीस, मोकळी झाली. वजा वीस, फार मोकळी. प्रत्येक वेळी फाइल बदलायची, टेखच्या मापात उतरवायची, छापायची, कागद भिंतीला उलटा, वरची बाजू खाली करून, चिकटवायचा आणि लांब जायचं. उलट्या कागदावर नाव वाचता येत नाही, फक्त काळं आणि पांढरं दिसतं. फाउंड्रीत सगळे असंच बघत. पण मला ते नाव उलटंही वाचता येत होतं. डोळे त्याला नुसते आकार मानायला तयार होत नव्हते. मी चष्मा काढला. सगळं पुसट झालं, नाव गेलं आणि राखाडी पट्टा उरला. एका कागदावर त्या पट्ट्यात खाच पडत नव्हती आणि गाठही पडत नव्हती. चष्मा लावून जवळ गेले. वजा अठ्ठेचाळीस.

हा आकडा बाबांचा नव्हता. त्यांनी कदाचित पन्नास ठेवला असता, कदाचित व्हीचा हातच आखूड केला असता. आता विचारायची सोय नव्हती, आणि त्यांच्या नावाने मीच सांगायचं हेही बरोबर नव्हतं. तरी शुक्रवार उजाडला होता. मी आकडा त्यांच्या फाइलमध्ये, त्यांच्या ओळींच्या खाली लिहिला.

क्रेझाकाकांनी पहिली प्रत भिंगाखाली धरली.

"सुंदर. बोह्दानच तो. दुसऱ्या कुणाच्या बापाला जमायचं नाही हे."

"सगळं त्यांचं नाही, काका. एक जागा माझी आहे."

"कुठली?"

"तुम्हीच सांगा."

त्यांनी भिंग पुन्हा लावलं, नावावरून सरकवलं, तारखांवरून, खाली आमच्या नावांवरून. यंत्र सुरू करायला उशीर होत होता आणि ते एरवी असा उशीर करत नाहीत.

"नाही सापडत," शेवटी ते म्हणाले, जरा चिडूनच, आणि यंत्राचं बटण दाबलं.

गठ्ठा घरी आणला तेव्हा कोलाच टेबलावर निवत ठेवले होते. आईने हात धुतले, पुसले, वरची पत्रिका उचलली. बराच वेळ पाहत राहिली. बोटाने नावावरून एकदा चाचपलं, छपाईला उठाव आहे का ते पाहावं तसं.

"विलोची फांदी नाही, ते बरं झालं," ती म्हणाली. मग खुर्ची ओढून बसली. त्या आठवड्यात पहिल्यांदाच. "अंत्यविधी झाल्यावर आभाराची कार्डं पाठवावी लागतील. तीही यातच कर."

"त्यात पुष्कळ जोड्या नव्या येतील, आई. त्यांचीही मापं नाहीत."

"मग दाखव मला आणून," ती म्हणाली. "सारखंच दिसेल मला. पण दाखव."

मी पाकिटांवर पत्ते लिहायला घेण्याआधी कॉम्प्युटर सुरू केला. आभाराच्या मजकुरात टी-नंतर टोपीवाला ई येत होता. बाबांच्या फाइलमध्ये त्या जोडीसमोरही काही नव्हतं.