दुसऱ्या संचालक

"मी कारखान्याच्या आवारात कधीही पाऊल ठेवलेले नाही," उदयसिंह वकिलांनी वाचून दाखवलं आणि कागद पुढे सरकवला. "इथं सही करा, आई."

हरणाबाईंनी पेन घेतलं, पण टेकवलं नाही.

कंपन्यांच्या संचालकांना खटल्यातून सोडवायचं आणि त्यांच्यावरची भरपाई विम्याच्या गळ्यात घालायची, यात उदयसिंहांचं सांगलीत नाव होतं. तीस वर्षांत या वाक्याला मात्र ते विटले होते. खासगी कंपनीला दोन संचालक लागतात; दुसरी जागा ठरलेली, बायकोची नाहीतर आईची. सह्या घरीच, स्वयंपाकाच्या ओट्यावर व्हायच्या. अपघात झाला, की बाई नावापुरत्याच होत्या, असं वकिलांनी सांगायचं. बहुतेकदा ते खरंही असे, तेवढाच काय तो दिलासा.

हरणाबाई कवठे महांकाळकडच्या. मुलगा राजवर्धन शेजारीच बसला होता. कुपवाडला त्याचा पत्र्याचे सुटे भाग ठोकण्याचा कारखाना. गेल्या महिन्यात नाथाजी नावाच्या कामगाराचा उजवा पंजा प्रेसखाली गेला. मशीनची संरक्षक जाळी काढलेली होती. हे संचालकांना आधीच ठाऊक होतं असं निघालं, तर विमा कंपनी हात वर करणार आणि मायलेकांवर फौजदारी उभी राहणार.

"मी जाती की," हरणाबाई म्हणाल्या. "दर खंडेनवमीला."

"आये, पूजेचं कोन इचारतंय?" राजवर्धन म्हणाला.

"समद्या मशिनीस्नी हळदकुकू मीच लावती. औंदा त्या मशिनीची जाळी भिताडाला टेकवून ठिवलेली. नाथाजीला इचारलं, तर म्हनला, जाळी लावली की माल कमी निघतोय, मालक वरडत्यात. मी काय केलं वकीलसायेब, त्या जाळीलाबी कुकू लावलं आन् घरला आले. जेवताना ह्याला बोलले. बघतो म्हनला."



वकिलांना राग आला, तो स्वतःचाच. इतक्या बायकांच्या सह्या घेतल्या. पण तुम्ही काय पाहिलंत, असं त्यांनी एकीलाही विचारलं नव्हतं.

"आई, हे लिहिलं तर राजवर्धन अडकेल. तुम्हीसुद्धा."

"व्हय. पन दवाखान्यात नाथाजीच्या बायकूनं इचारलं, मावशी, तुमी बघितलंवतं न्हवं? मी व्हय म्हनले. आता हितं न्हाई कसं म्हनू?"

उदयसिंहांना एकदम फार थकल्यासारखं झालं. "राजवर्धन, हे ऐकल्यावर मला हा कागद विमा कंपनीला देता येणार नाही," ते म्हणाले. "तुम्हाला दुसरा वकील करायचा तर करा."

राजवर्धननं आईपुढचा कागद उचलून बाजूला ठेवला. "ती म्हनती तसं लिवा," तो म्हणाला.

वकिलांनी नवा कागद घेतला. खंडेनवमी, जाळी, नाथाजी, जेवतानाचं बोलणं, सगळं हातानं लिहिलं आणि दोनदा वाचून दाखवलं.

हरणाबाई शाळेत गेल्या नव्हत्या. कंपनी काढली तेव्हा राजवर्धननंच त्यांना सही शिकवली होती, पाटीवर, आठ दिवस बसून. त्या एकेक अक्षर कोरायला लागल्या, तसा कागद सरकू लागला. राजवर्धन खुर्चीतून उठला आणि त्यानं नेहमीप्रमाणे आपला पंजा कागदावर दाबून धरला.