भिमाबाईची नोंद

"दाबू नका मावशी! रक्त पिळून काढू नका. नुसतं साबणानं धुवा."

दीपमाला सिस्टरने भिमाबाईचा हात बाजूला केला आणि तिचा पाय मोरीतल्या नळाखाली ओढला. पोटरीवर मसुरीच्या दाण्याएवढा रक्ताचा थेंब होता. तो धुऊन गेला, तसा दुसरा आला. दाराशी कचऱ्याची काळी पिशवी आडवी पडली होती आणि तिच्यातून इंजेक्शनची सुई अर्धा इंच बाहेर डोकावत होती.

"कचऱ्यात सुई कोनं टाकली?" भिमाबाईने विचारलं. भीतीपेक्षा तिला किळस जास्त आली होती.

सिस्टरने जखमेवर पुन्हा साबण फिरवला. सुई पिशवीत का गेली, ते दोघींनाही ठाऊक होतं. वापरलेल्या सुया टाकायचे पांढरे, जाड डबे वॉर्डात नव्हतेच. दुसऱ्या दिवशी तपासणीचं पथक येणार, म्हणून अधीक्षक साहेबांनी चारही डबे रिकामे करून, धुऊन, दर्शनी दारात टेबलावर मांडले होते. त्यांना झेंडूच्या माळाही घातल्या होत्या. वॉर्डात सुया टाकायच्या कुठे, हा प्रश्न त्यांना पडला नव्हता. सकाळच्या पाळीतल्या कोणीतरी त्या सरळ पिशवीत टाकल्या होत्या.

तालुक्याच्या या सरकारी दवाखान्यात भिमाबाई एकोणीस वर्षं झाडलोट करत होती. कंत्राटदार पाच बदलले, ती तीच राहिली. माणूस काय फेकतो आणि कुठे फेकतो, यावरून ती त्याची किंमत करायची. एक जुने डॉक्टर होते, सुलतानपूरचे. वापरलेली सुई ते स्वतः उठून डब्यात टाकत. त्यांचं नाव ती अजून आदराने घ्यायची. आताचे अधीक्षक डॉ. शेखर देशमाने चहाचा कप रक्ताच्या बोळ्यांच्या पिवळ्या बादलीत टाकत. त्यांची किंमत तिने पहिल्याच आठवड्यात करून टाकली होती.

सिस्टर तिला घेऊन देशमाने साहेबांच्या खोलीत गेली, तेव्हा ते कॉम्प्युटरसमोर बसले होते. पडद्यावर मोठ्या निळ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'सुई टोचण्याच्या घटना : शून्य'.

"धनुर्वाताचं इंजेक्शन दे आणि घरी पाठव," मान वर न करता ते म्हणाले.

"सर, एचआयव्ही होऊ नये म्हणून गोळ्या सुरू कराव्या लागतील. दोन तासांत पहिली पोटात गेली तर बरं."

"कुणाची सुई होती?"

"ते कळायला मार्ग नाही. पण वॉर्डात सध्या..." सिस्टर थांबली. पेशंटचं नाव सांगायला तिला बंदी होती. त्या थांबण्यातच तिघांना काय ते कळलं.

साहेबांनी खुर्ची मागे सरकवली. गोळ्या दिल्या की इजेच्या रजिस्टरात नोंद करावी लागणार होती, आणि नोंद झाली की पडद्यावरचं शून्य पुसावं लागणार होतं. त्यांनी एक कोरा कागद काढला.

"असं कर बाई. घरी गोधडी शिवताना सुई टोचली, असं लिहून दे. म्हणजे रजिस्टरचा प्रश्न नाही. गोळी देतो मी तुला." त्यांनी कागदाबरोबर अंगठ्याचा शाईचा डबाही पुढे सरकवला.

भिमाबाईने तो डबा दोन बोटांनी परत ढकलला. "मले लिवता येते, साहेब."

"अरे वा! मग लिही."

तिने उभ्या उभ्याच, एकेक अक्षर नीट काढत लिहिलं. साहेब खूश होऊन वाट पाहत राहिले. कागद हातात आला, तशी त्यांची कानशिलं तापली. 'आज सकाळी साडेनऊ वाजता पुरुष वॉर्डात कचऱ्याच्या पिशवीतली सुई माझ्या पायाला लागली. सुया टाकायचे डबे दारात शोभेला ठेवले होते. भिमाबाई इंद्रभान तायडे.'

त्यांनी कागद टराटरा फाडला. "तुला उद्यापासून घरी बसवायला मला एक फोन पुरतो, कळलं?"

"करा ना फोन," भिमाबाई म्हणाली. "तुमच्यानं तेवढंच होते."

कागदाचे कपटे फरशीवर पडले होते. ते उचलायला ती वाकली नाही. एकोणीस वर्षांत असं पहिल्यांदाच झालं.

बाहेर आल्यावर दीपमाला सिस्टरने घड्याळ पाहिलं. सव्वा तास झाला होता. तातडीच्या गोळ्यांच्या कपाटाची किल्ली तिच्या कमरेला होती. साहेबांच्या सहीशिवाय ते उघडायचं नाही, असा हुकूम होता. तिने ते उघडलं. गोळी भिमाबाईच्या तळहातावर ठेवली, पाण्याचा ग्लास दिला. मग इजेचं रजिस्टर काढून कोऱ्या पानावर पहिली ओळ लिहिली.

"सिस्टर, तुमच्या नोकरीचं काय?"

"बदली करतील. करू देत."

"माह्यासाठी काऊन करून राह्यल्या?"

"तुमच्यासाठी नाही, मावशी. सुया पिशवीत टाकल्या जाताना मी पाहिल्या होत्या. मी घाईत होते, बोलले नाही."

भिमाबाईने रिकामा ग्लास टेबलावर ठेवला. "लिवलं ना आता," एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पथक आलं. तिघं होते. भिमाबाईला मागच्या आवारात थांबायला सांगितलं होतं, म्हणून ती पुढे येऊन उभी राहिली. पथकप्रमुखांनी माळा घातलेल्या डब्यांचे फोटो काढले. रजिस्टर उघडलं, तशी ती एकुलती एक ओळ समोर आली.

"लिहिण्यातली चूक आहे, सर," देशमाने साहेब घाईने म्हणाले.

"चूक नाही," भिमाबाई मागून म्हणाली. "मले लागली सुई. पाय दाखवू का?"

पथकप्रमुखांनी तिच्याकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. जेवण व्हायचं होतं आणि नंतर लोणारचं सरोवर पाहायचं ठरलं होतं. "काळजी घ्या हं मावशी," असं म्हणून त्यांनी रजिस्टर मिटलं. महिन्याभरात प्रमाणपत्र आलं, काचेच्या चौकटीत बसवून साहेबांच्या डोक्यावर टांगलं गेलं.

तोवर दीपमाला सिस्टरची मोताळ्याकडे बदली झाली होती. भिमाबाईला तर चौथ्याच दिवशी कंत्राटदाराच्या मुकादमाचा, हिंमतरावांचा फोन आला. "मावशी, वरून सांगणं आलं. माह्या हातात काई नाही."

"तुह्या हातात कधी काय होतं बे?" म्हणून तिने फोन ठेवला.

गोळ्या अठ्ठावीस दिवस घ्यायच्या होत्या. त्यासाठी ती प्रवासी भरून नेणाऱ्या जीपने जिल्ह्याच्या ठिकाणी जाऊ लागली. पोटात अन्न ठरेना. नवऱ्याला, इंद्रभानला, तिने काहीच लपवलं नाही. पहिले दोन दिवस त्याने आपला कप वेगळा ठेवला. तिने ते पाहिलं. तिसऱ्या सकाळी तिला ओकारी आली आणि अर्धा चहा तसाच राहिला. इंद्रभान तिच्या शेजारी येऊन बसला आणि तिच्याच कपातला तो चहा पिऊन टाकला. "थंडा झाला," म्हणाला.

सहा महिन्यांनी शेवटची तपासणी झाली. ती याच दवाखान्यात झाली, कारण तिने ती मुद्दाम इथेच मागितली. प्रयोगशाळेच्या खिडकीतून कागद हातात आला. रक्तात काही निघालं नव्हतं. तिने तो दोनदा वाचला आणि पोलक्यात ठेवला.

वळली, तर समोरून तिच्या जागी आलेली जनकाबाई येत होती. चाळिशीची, कामाला नवी. भरलेली पिशवी मांडीला घासत, हातमोज्यांविना.

"थांब वं बाई," भिमाबाईने तिला अडवलं. "आंगाले लावून नेते काय? पिशवीच्या तोंडाशी धर. हात लांब कर. आजून लांब. हाव, आता चाल."

जनकाबाई बावरली, पण तिने हात लांब केला. भिमाबाई तिच्या पाठीमागे चालू लागली. तेवढ्यात देशमाने साहेब त्याच अरुंद बोळातून आले. त्यांना पाहून जनकाबाईची पावलं थबकली आणि पिशवी पुन्हा पायाकडे झुकली.

"थांबू नोको," भिमाबाई म्हणाली. "चाल तू."

जनकाबाई चालत राहिली. हात लांबच होता. साहेब भिंतीला पाठ टेकून, पोट आत घेऊन उभे राहिले, आणि पिशवी त्यांच्यासमोरून सावकाश पुढे गेली.