दीनानाथरावांची तोंडी परीक्षा

दीनानाथराव आपट्यांची नात ओवी सप्टेंबरात सेऊलला शिकायला निघाली होती आणि तिला सोडायला आपणच जाणार, असं त्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. मुलगा सलिल म्हणाला, "बाबा, तिथे उपाशी मराल. इथे कोथरूडात डोसा मागवताना वेटरला सात प्रश्न विचारता तुम्ही." शेवटी अट ठरली. हिंजवडीच्या कोरियन हॉटेलात बाबांनी सगळं जेवण कोरियनमध्ये मागवायचं. जमलं तर तिकीट, नाहीतर घरी बसायचं.

झालं! सत्तरीचा माणूस वही घेऊन नातीपुढे बसला. 'गोगी पेगो जुसेयो' म्हणजे मांस वगळून द्या. 'इस्सॉयो?' म्हणजे आहे का, आणि 'ऑप्सॉयो' म्हणजे नाही. हा शेवटचा शब्द आपल्या पेठेतल्या दुकानदारांना फार शोभेल, असं मत त्यांनी नोंदवलं. भाज्यांची नावंही घोकून झाली.

गर्दी नको म्हणून मंगळवार निवडला आणि तिघंही हॉटेलात जाऊन बसले. मालकीणबाई अस्सल कोरियन, स्वतःच ऑर्डर घ्यायला आल्या. दीनानाथरावांनी भात मागवला, भाज्या मागवल्या, मांस वगळलं, अंडं वगळलं. कुठे अडखळले म्हणून नाहीत. ओवीचा चेहरा फुलला. वाफाळता भात समोर आला आणि फोन वाजला. नाशिकला बहिणीकडे गेलेल्या कुसुमताई, म्हणजे त्यांच्या सौ., बोलत होत्या.

"अहो, आज अंगारकी आहे. उपास लक्षात आहे ना?"

घ्या! चाळीस वर्षांत एक चतुर्थी चुकली नव्हती आणि कोरियनच्या नादात नेमकी अंगारकीच विसरली. सकाळपासून नुसता चहा झाला होता, एवढंच नशीब. त्यांनी उचललेला चमचा खाली ठेवला.

"बघा," सलिल म्हणाला. "तिकडे चतुर्थी आली तर काय खाणार? नाही जमायचं, बाबा."

दीनानाथरावांना फार वाईट वाटलं. मालकीणबाई काळजीने जवळ आल्या. आता वहीतली वाक्यं कामाची नव्हती. त्यांनी भाताची वाटी हलकेच बाजूला सारली आणि होते नव्हते ते शब्द गोळा केले.

"गाम्जा इस्सॉयो?" बटाटा आहे का?

"गाम्जा ऑप्सॉयो," बाई म्हणाल्या. मग जरा विचार करून, "गोगुमा इस्सॉयो."

हा शब्द काही वहीत नव्हता. ओवी सांगायला पुढे झाली, तर आजोबांनी हाताने तिला थांबवलं. "जुसेयो," ते म्हणाले. द्या.

बशी आली. सालासकट भाजलेली, गरमागरम रताळी! दीनानाथरावांनी डोळे मिटून गणपतीला हात जोडले आणि पहिल्या रताळ्याचं साल काढायला घेतलं.

अंगारकीला, हिंजवडीतल्या कोरियन हॉटेलात, ज्या माणसाने उपासाचं मागून घेतलं तो कुठेही उपाशी मरायचा नाही, हे सलिलला कळून चुकलं. त्याने बाबांचा भात आपल्याकडे ओढला आणि फोन काढला.

"तारीख कुठली धरू?"

"आधी चतुर्थी कधी ते बघ," दीनानाथराव रताळं खात म्हणाले. "विमानात रताळी द्यायला या बाई नसतील."