नास्तिकाची साक्ष

आखातात, मदिनत खलीफाहून समैस्माच्या बांधकामाच्या साइटवर जाताना गाडीत रोज देवाचा मुडदा पडायचा. पाडणारा कौशिक, सेफ्टी ऑफिसर. शेजारी मन्सूर, रत्नागिरीचा, परांच्या बांधणाऱ्यांचा फोरमन. "पुरावा दाखव, लगेच मानतो," हे कौशिकचं पालुपद. मन्सूर नुसता हसायचा. त्याचं तोंड बंद केल्याचा आनंद कौशिकला दुपारपर्यंत पुरायचा.

मंगळवारी वारा सुटला आणि परांची कोसळली. खाली सर्व्हेअर अभिजित उभा होता, दर शुक्रवारी कौशिकच्या घरी जेवायला येणारा. जागच्या जागी गेला.

परांची भिंतीला नीट बांधलेलीच नव्हती. मन्सूरने आदल्या दिवशीच तिचे फोटो कौशिकला पाठवले होते. पण काम थांबवलं तर मॅनेजर अंगावर येणार, म्हणून कौशिकने 'उद्या बघू' म्हणून टोलवलं होतं.

रिपोर्टात मॅनेजरने कारण तयारच ठेवलं होतं: जोराचा वारा, 'ॲक्ट ऑफ गॉड', म्हणजे देवाची करणी. खाली दोघांच्या सह्या हव्या होत्या. कौशिकचं कॉन्ट्रॅक्ट त्याच महिन्यात संपत होतं. त्याने मुकाट्याने सही ठोकली. जन्मभर हाकलून लावलेला देव असा ऐन वेळी उपयोगी पडला.

मन्सूरने पेनला हातही लावला नाही.

"वारा काय, रोजचाच आहे. बांधायचं काम आपलं होतं. आपलं पाप अल्लावर ढकलू? मला नाही जमणार."

"मन्सूरभाई, नोकरी जाईल."

"जाऊ दे. फोटो तुझ्याकडेही आहेत. तू तर पुराव्याचा माणूस ना?"

मन्सूरचे फोटो मॅनेजरने बघितलेसुद्धा नाहीत. आठवड्याच्या आत 'खलास', म्हणजे नोकरी संपली, आणि त्याला विमानात बसवलं. कौशिकने आपल्या मोबाइलमधले पुसून टाकले. त्याची त्याला लाज वाटली, पण पुसायचा काही तो थांबला नाही.

पुढे साताऱ्याहून अभिजितच्या बायकोचा, अनुष्काचा फोन आला.

"भावोजी, मन्सूरभाई म्हणतात, परांची बांधलीच नव्हती. मी वकिलाकडे निघाले होते. पण कंपनीने पाठवलेल्या रिपोर्टवर तुमची सही दिसली. खरंच का हो, देवाचीच करणी?"



"हो, वहिनी."

पलीकडे ती बराच वेळ रडली.

"मग नाही जात मी. अभिजित नेहमी सांगायचा, तुम्ही देव मानत नाही. तुम्हीच म्हणताय, म्हणजे खरंच असणार."

आणि तिने त्याचे आभार मानले.