इनकमिंग चालू राहिलं पाहिजे

मित्रांनो, मी एक जुना, बटणांचा मोबाइल फोन. आजवर दोन वेळा लोकांनी माझ्याबद्दल 'होता' असं म्हणून टाकलं आहे. पण मी अजून आहे आणि रोज सकाळी सात वाजता न चुकता चालू होतो.

माझा जन्म एका लांबलचक टेबलावर झाला. टेबलाच्या दोन्ही बाजूंना डोक्याला टोप्या घातलेल्या बायका बसलेल्या असत. एकीनं माझ्यात पडदा बसवला, दुसरीनं बटणांची पट्टी ठेवली, तिसरीनं पाठीवर चार बारीक स्क्रू पिळले. आमच्यातल्या एकाला टेबलाच्या उंचीवरून सात वेळा खाली टाकून पाहिलं. तो सातव्यांदाही वाजला, तेव्हा आम्हा सगळ्यांना पास केलं. तो मी नव्हतो, पण अभिमान मलाही वाटला.

मला विकत घेतलं ते एका चावीवाल्यानं. बाजाराच्या कोपऱ्यावर, मोठ्या छत्रीखाली त्याचं बस्तान होतं. चाव्या कापायचं एक यंत्र, कानशींचा एक डबा, बसायला दोन स्टुलं. दुकानदार त्याला काचेच्या पडद्याचे फोन दाखवत होता. तो म्हणाला, माझे हात दिवसभर तेलात आणि लोखंडाच्या भुशात असतात, मला बटणं असलेलाच द्या. अशा रीतीनं मी त्याच्या खिशात गेलो.

नंबर मिळाल्या मिळाल्या त्यानं हजारभर स्टिकर छापून घेतले. 'कुलूप अडलं? फोन करा', आणि खाली ठसठशीत आकड्यांत माझा नंबर. काम झालं की तो घराच्या चौकटीवर एक स्टिकर चिकटवायचा, तेही बाहेरच्या बाजूनं. आत चिकटवला तर घराबाहेर अडकलेल्या माणसाला तो दिसणार कसा, असं तो हसत सांगायचा. अकरा वर्षांत गावातली निम्मी दारं माझा नंबर बाळगू लागली. शिडीवरून पडलो, पाण्याच्या बादलीत बुडालो, तरी वाजत राहिलो. तो मला चारचौघांत दाखवायचा आणि म्हणायचा, हा माझ्यापेक्षा जास्त टिकणार.

तसंच झालं. तीन महिन्यांच्या दुखण्यानं तो गेला.

शेजारच्या स्टुलावर इतकी वर्षं त्याची बायको बसायची. चाव्या कापायची ती, आणि खरं सांगायचं तर हात तिचाच जास्त साफ होता. तेराव्या दिवशी मी वाजलो. कुणाचं तरी कपाट उघडत नव्हतं. तिनं क्षणभर माझ्याकडे पाहिलं, बटण दाबलं आणि म्हणाली, "येते." त्या दिवसापासून लोक चावीवाल्याला फोन करायचे आणि चावीवाली यायची. सुरुवातीला दारात उभे असलेले लोक तिच्या मागे कोणी पुरुष येतोय का ते बघायचे. कुलूप उघडलं की बघणं थांबायचं.

आता माझ्या रिचार्जची गोष्ट सांगतो, कारण सगळं रामायण तिथूनच घडलं.

दर महिन्याच्या एक तारखेला ती कोपऱ्यावरच्या रिचार्जच्या दुकानात जायची. दुकानदार विचारायचा, "नेहमीचा ना काकू?" ती मान हलवायची. नेहमीचा म्हणजे काय, हे तिनं कधी विचारलं नाही आणि त्यानं कधी सांगितलं नाही. त्या प्लॅनमध्ये रोजचं भरपूर इंटरनेट होतं. मित्रांनो, मला इंटरनेट कशाशी खातात तेही ठाऊक नाही. माझ्या पडद्यावर एक साधा सापाचा खेळ चालतो, तोही अडखळत. माझ्या नावावर रोज ते इंटरनेट जमा व्हायचं आणि दिवस संपला की न वापरताच उडून जायचं. पैसे मात्र तिचे जायचे.

आणखी एक गोम होती. तो प्लॅन अठ्ठावीस दिवसांचा होता. ती मात्र एक तारीख धरून बसलेली. त्यामुळे बहुतेक महिन्यांच्या शेवटी दोन-तीन दिवस माझी मुदत संपलेली असायची. आधी फारसं बिघडत नसे, कारण मुदत संपली तरी आठवडाभर येणारे फोन येत राहायचे. मग कंपनीनं नियम बदलला. मुदत संपली की त्याच दिवशी इनकमिंगही बंद. तसा मेसेज कंपनीनं पाठवला असणार. पण माझ्यात पन्नासच मेसेज मावतात, आणि ते पन्नासही 'आजच घ्या, खास तुमच्यासाठी' अशा जाहिरातींनी भरलेले. कामाच्या मेसेजला आत शिरायला जागाच नव्हती. ही माझी चूक नव्हती, पण सल मला आहे.

एकतीस दिवसांचा महिना होता. तिसाव्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास, मागच्या गल्लीतल्या इमारतीत एक तरुण बाई कचरा टाकायला दाराबाहेर आली. वाऱ्यानं दार लोटलं गेलं आणि आपोआप कुलूप लागलं. आत दोन वर्षांची मुलगी, आणि गॅसवर दूध. चौकटीवर माझा नंबर होता. तिनं शेजारणीच्या फोनवरून तो लावला. या क्रमांकाची सेवा बंद आहे, असं उत्तर आलं. पुन्हा लावला. शेवटी शेजाऱ्यांनी दाराच्या वरची काच हातोड्यानं फोडली. मुलगी नेमकी आईच्या आवाजाकडे धावत दारापाशी आली होती. तिच्या कपाळाला चार टाके पडले.

त्या वेळी चावीवाली तिथून पाच मिनिटांच्या अंतरावर बसली होती. मी तिच्या समोर, स्टुलावर. गप्प.

दुसऱ्या दिवशी ती तरुण आई छत्रीखाली आली. रागावली नाही. एवढंच म्हणाली, "काकू, चार वेळा लावला हो."

चावीवालीनं हातातली कानस खाली ठेवली. तिनं सगळं विचारून घेतलं: किती वाजता, काय ऐकू आलं, मुलगी आता कशी आहे. मग तिनं मला उचलून लेकीला फोन लावायचा प्रयत्न केला. फोन लागला नाही. माझी मुदत तीन दिवसांपूर्वीच संपली आहे असं पलीकडून सांगण्यात आलं, तेव्हा तिला कळलं.

संध्याकाळी लेक घरी आली. ती कुरियरच्या ऑफिसात काम करते, स्वभावानं तडफदार. तिनं सगळं ऐकलं, एक तारखेचा रिचार्ज थांबवायला लावला आणि दोन दिवसांत आईसाठी काचेचा फोन आणला, नव्या नंबरासकट. तिचं म्हणणं सरळ होतं. हे डबडं आता आठवण म्हणून ठेवून दे, त्याचा काळ गेला. मी टेबलाच्या खणात गेलो. सुया, जुनी बिलं आणि तुटका चष्मा यांच्या शेजारी नऊ दिवस पडून होतो. 'होता' म्हणण्याची ती पहिली वेळ.

नऊ दिवसांत नव्या फोनवर एकही गिऱ्हाईक आलं नाही. येणार कसं? दारं तर माझाच नंबर सांगत होती. लेक म्हणाली, हळूहळू लोकांना कळेल. चावीवाली म्हणाली, "ज्याचं दार बंद झालंय त्याला हळूहळू कळून चालत नाही." मग लेकीनंच चौकशी केली, तेव्हा समजलं की ठरावीक दिवसांत रिचार्ज केला नाही तर कंपनी माझा नंबर दुसऱ्या कुणाला तरी देऊन टाकेल. काचेचा फोन तसाही तिच्या तेलकट बोटांना दाद देत नव्हता. चावीवालीनं खण उघडला, मला पदरानं पुसलं आणि चार्जिंगला लावलं. नंबर हाच राहणार, आणि पुन्हा एक दिवसही बंद पडणार नाही, हे तिनं त्या मिनिटाला ठरवलं.

सकाळी ती रिचार्जच्या दुकानात गेली. दुकानदारानं विचारलं, नेहमीचा? ती म्हणाली, "नाही भाऊ. मला इंटरनेट नको. आलेला फोन वाजला पाहिजे, माझा फोन लागला पाहिजे, आणि मुदत लांबची पाहिजे."

"तसा प्लॅन आता येत नाही काकू."

"येत नाही, की तुम्ही दाखवत नाही?"

दुकानदार जरा चपापला. मग त्यानं एक अगदी स्वस्तातला रिचार्ज पुढे केला. दुसरं कोणी असतं तर खूश होऊन घरी गेलं असतं. तिनं विचारलं, याला दिवस किती? त्यानं सांगितलं, याला दिवस नाहीत, हे नुसते बोलण्याचे पैसे, मुदतीचा प्लॅन वेगळा घ्यावा लागतो. "म्हणजे कुलूप न देता नुसती चावी विकताय मला," ती म्हणाली आणि मला घेऊन बाहेर पडली.

मग तिनं कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन लावला. मुदत संपलेल्या फोनवरूनही तो लागतो. पलीकडून एक छापील आवाज सांगायचा, यासाठी एक दाबा, त्यासाठी दोन दाबा. माणसाशी बोलायला पाच दाबायचं होतं, आणि माझं पाचाचं बटण वर्षानुवर्षांच्या भुशानं मेलं होतं. ती दाबायची, मी काहीच करू शकत नसे, आणि तो आवाज धन्यवाद म्हणून फोन ठेवून द्यायचा. दोन सकाळी अशाच गेल्या. लेक म्हणाली, "आई, माझ्या फोनवरून लाव ना." लेकीचा फोन आणि तो नवा काचेचा, दोन्ही दुसऱ्या कंपनीचे निघाले, तिथून तो क्रमांक लागेना.

तिसऱ्या सकाळी चावीवालीनं छत्रीखाली बसून माझ्या पाठीचे चार स्क्रू काढले. कारखाना सोडल्यापासून माझ्या पोटात कुणी हात घातला नव्हता. तिनं मऊ ब्रशनं भुसा झाडला, पाचाच्या खालचा पितळी ठिपका खोडरबरानं घासून लख्ख केला आणि मला पुन्हा मिटवलं. मित्रांनो, जन्म देणारे हात वेगळे आणि जपणारे हात वेगळे, हे मला त्या दिवशी समजलं.

या वेळी पाच लागला. बराच वेळ संगीत ऐकवल्यावर एक मुलगी बोलू लागली. तिनं पाठ केल्यासारखी मोठ्या इंटरनेट प्लॅनची माहिती सुरू केली. चावीवालीनं तिला शेवटपर्यंत बोलू दिलं. मग एका जुन्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर लिहून आणलेले आपले प्रश्न एकेक करून विचारले. फक्त बोलण्याचा प्लॅन कोणता? त्याचे नेमके दिवस किती? सगळ्या कंपन्यांच्या फोनवर बोलता येतं का? मुदत संपल्यावर इनकमिंग कधी बंद होतं, त्याच दिवशी की नंतर? मुलीनं दोन वेळा विषय इंटरनेटवर नेला, चावीवालीनं दोन्ही वेळा तो परत आणला. शेवटी त्या मुलीचा आवाज माणसासारखा झाला.

"आहे एक, मावशी. यादीत अगदी खाली आहे, म्हणून कोणी सांगत नाही. चौऱ्याऐंशी दिवसांचा. तुम्हाला तोच बरा."

वर्षभराचाही एक होता, आणि हिशेबानं तो आणखी स्वस्त पडत होता. पण एवढी रक्कम एकदम काढणं तिला झेपणारं नव्हतं. तिनं ते स्वतःला स्पष्ट सांगितलं आणि चौऱ्याऐंशीवर बोट ठेवलं. आजवर वर्षातून बारा वेळा रिचार्ज करूनही दिवस कमी पडायचे, आता चार-पाच वेळा पुरणार होता.

ती थेट दुकानात गेली. दुकानदारानं आपल्या यंत्रावर यादी उघडली आणि असं काही दिसत नाही म्हणाला. "खाली जा," ती म्हणाली. तो खाली गेला. "अजून खाली." सगळ्यात शेवटच्या ओळीत तो प्लॅन निघाला. दुकानदारानं यंत्र तिच्याकडे वळवलं. मग म्हणाला, "खरं सांगतो काकू, इतक्या खाली मी कधी गेलोच नव्हतो." त्यात खोट नव्हती असं मला वाटतं. त्यालाही वरचं विकण्याची सवय लागली होती.

मी चालू झालो. तिनं आधी माझ्यातले पन्नासही मेसेज पुसून टाकले. मग हत्यारांच्या पेटीच्या झाकणावर पक्क्या शाईनं मोठ्या अक्षरांत एक तारीख लिहिली. मुदत संपण्याची नव्हे, तिच्या चार दिवस आधीची.

त्याच दुपारी ती मागच्या गल्लीत गेली. फुटलेल्या काचेच्या जागी पुठ्ठा लावलेला होता. आपोआप लागणारं कुलूप काढून तिनं तिथं दुसरं बसवलं, बाहेरून किल्ली फिरवल्याशिवाय न लागणारं. तरुण आई पैसे द्यायला लागली, तेव्हा चावीवालीनं तिचा हात मागे सारला. कपाळावर पट्टी असलेली मुलगी माझी बटणं दाबत बसली होती. पाच तिनं सगळ्यात जास्त वेळा दाबला. जाताना चावीवाली म्हणाली, "आता लावून बघ." तरुण आईनं लावला आणि मी तिच्या दारातच खणखणीत वाजलो. मला कुणी लगेच बंद केलं नाही.

ही बातमी गल्लीत पसरायला वेळ लागला नाही. इस्त्रीवाली आली, रखवालदार आला, निवृत्त मास्तर आले. चावीवाली प्रत्येकाला एकच विचारायची, तुमचा फोन कशासाठी आहे? इस्त्रीवालीचा मुलगा परदेशात, ती त्याला रोज पडद्यावर बघायची. तिला चावीवालीनं सांगितलं की तुझा इंटरनेटवालाच बरोबर आहे, तो सोडू नकोस. रखवालदाराला फक्त बायकोचा फोन यायचा, त्याला तिनं दुकानात नेऊन यादीच्या तळाशी पोचवलं. महिन्याभरात दुकानदारानं आपल्या फळ्यावर खडूनं एक नवी ओळ लिहिली: 'चावीवालीचा प्लॅन, दिवस ८४'. कंपनीनं त्याला काहीतरी लांबलचक नाव दिलं आहे. ते आता इथं कुणालाच आठवत नाही.

दुसऱ्यांदा मला 'होता' म्हणाले ते मागच्या वर्षी, माझी बॅटरी फुगली तेव्हा. चावीवालीनं गावभर फिरून माझ्या मापाची बॅटरी शोधली. आता माझा एक कोपरा उडाला आहे, आकडे बटणांवरून पुसले गेले आहेत. तिला ते बघावे लागत नाहीत.

मित्रांनो, मी तुमच्याकडे नवं काही मागत नाही. तुमच्या घरात कुणाकडे तरी माझ्यासारखा फोन असेल. आजीकडे, मामांकडे, कामाला येणाऱ्या मावशींकडे. आज तो हातात घ्या. त्यात साठलेला कचरा पुसा. त्यांना विचारा, फोन कशासाठी लागतो, आणि त्यासाठी लागेल तेवढंच भरलं जातंय ना ते बघा. यादी शेवटच्या ओळीपर्यंत वाचून दाखवा. मुदतीची तारीख त्यांना दिसेल अशा ठिकाणी, मोठ्या अक्षरांत लिहून द्या. एवढ्याला अर्धा तास लागतो. तो अर्धा तास दिला नाही, तर कुणीतरी चार-चार वेळा फोन लावतं आणि आपल्याला कळतही नाही.

बरं, आता बोलणं थांबवतो. मी वाजतोय. कुठल्या तरी दाराबाहेर कुणीतरी उभं आहे, आणि चावीवालीनं पेटी उचलली आहे.