दोन पाड्यांची डोली

मित्रांनो, मी इगतपुरीच्या डोंगरातली एक जुनी डोली आहे. नवरीची नव्हे, आजाऱ्याची. एक लांब बांबू आणि त्याला बांधलेली जाड घोंगडी, एवढीच माझी काया. आमच्या दोन पाड्यांपर्यंत रस्ता नाही. म्हणून खालच्या पाड्यातल्या काळूदादांनी मला बांधले. आजारी माणसाला दवाखान्यात न्यायला दोन्ही पाड्यांतले लोक मला खांद्यावर घेत.

मग झऱ्याच्या पाण्यावरून भांडण पेटले. दगडफेक झाली. वरच्या पाड्यातल्या मनोजच्या दगडाने काळूदादांची भुवई फुटली. पोलीस आले आणि गेले, पण पाड्यांचे बोलणे तुटले ते तुटलेच. मी काळूदादांच्या घरात आढ्याला टांगलेली राहिले. उंदरांनी माझी घोंगडी कुरतडली. वरच्या पाड्यात कुणी तापाने फणफणले, तरी मला बोलावणे येईना.

काळूदादांची सून छाया आणि वरच्या पाड्यातली ज्योत्स्ना, दोघींना हे बघवेना. भांडण कशाने झाले ते सगळेच सांगत होते. पण दोन्ही पाड्यांना जोडणारे अजून काय टिकून आहे, ते शोधायचे दोघींनी ठरवले. अडचणीत तुमच्या दारी कोण आले होते, एवढेच त्या घरोघर विचारत फिरल्या. मनोजची आई भागीबाई हळूच म्हणाली, "माझ्या मनोजला साप चावला तवा काळूनंच दवाखान्यात नेला. खोटं कशाला बोलू?"

शाळेच्या अंगणात दोघींनी रांगोळीने दोन्ही पाड्यांतली घरे आणि मधला ओढा काढला. मदतीला जे घर धावले, तिथून मदत मिळालेल्या घरापर्यंत रेघ ओढली. कितीतरी रेघा ओढा ओलांडून गेल्या. लोक वाकून आपापल्या घराच्या रेघा शोधू लागले. काळूदादा घरी आले आणि माझी घोंगडी शिवायला बसले.

गेल्या श्रावणात मनोजची बायको पूजा बाळंतपणात अडली. भागीबाई भिजत खाली आली. दारात थबकून म्हणाली, "काळू, येशील का रं?"

"येतो. मागच्या टोकाला मनोजला लावू."

घसरड्या वाटेने दोन्ही पाड्यांच्या माणसांनी खांदे बदलत पूजाला दवाखान्यात पोचवले. बाळ रडल्याचे ऐकून मनोज काळूदादांच्या पायाशी बसला. दादांनी त्याला उठवून चहाला नेले. किती हलके वाटले मला!

मित्रांनो, रस्ता झाला की मला खुशाल माळ्यावर टाका. तोवर माझी घोंगडी कोरडी ठेवा, दोऱ्या तपासत जा. आणि भांडलात तरी एकमेकांच्या दारी जायला लाजू नका.