उतरवलेल्या तारा

ऊन सगळ्यात आधी कपाटाच्या माथ्यावर उतरलं. तिथे पडून असलेल्या जुन्या सुटकेसवर धूळ आहे, हे दिवसातून एवढ्या एकाच वेळी कळत असे. बाकी सारा वेळ ती स्वच्छच वाटायची. मग ते कपाटाच्या दारावरून सावकाश खाली घसरलं, खुंटीवरच्या शर्टाच्या खांद्यावर थोडं रेंगाळलं, कॉलरच्या विरलेल्या कडेत शिरून पलीकडे निघालं. त्याला कसलीच घाई नव्हती. समोरच्या घराच्या गजांची सावली भिंतीवर आधी पुसट आली, मग ठळक झाली, मग पुन्हा पुसट. बाहेर एखादा ढग आपल्या कामाला निघाला असावा. शेवटी ऊन कोपऱ्यात टेकवून ठेवलेल्या गिटारपाशी पोचलं आणि तिच्या तारांवरून असं सरकलं, की जणू प्रत्येकीची वेगवेगळी चौकशी करतंय.

धाकटा पलंगावर बसून हे बघत होता. चाळिशी उलटली तरी घरात आणि घराबाहेर त्याला सगळे धाकटाच म्हणत. चष्म्याच्या काचा घासण्याच्या कारखान्यात इतकी वर्षं काढल्यामुळे उजेडाच्या कडा न्याहाळायची त्याला सवय जडली होती. पण आज तो उजेड न्याहाळत नव्हता. तारांना हात लावायचं पुढे ढकलत होता.

भिंतीपलीकडून गुळण्यांचा आवाज सुरू झाला. दादा मिठाच्या कोमट पाण्याने गुळण्या करत होता, अगदी मन लावून, वरच्या पट्टीत. रोज सकाळी हा आवाज येई आणि रोज सकाळी धाकटा तो संपायची वाट बघत बसे. कारण त्या गुळण्या त्यानेच सांगितल्या होत्या, आणि त्यांचा काही उपयोग नव्हता.

दादा गात असे. दिवसभर फर्निचरच्या दुकानात लोकांना सोफ्यावर बसवून बघायला लावायचं आणि शनिवारी संध्याकाळी क्लबच्या हॉलमध्ये गायचं, असं त्याचं आयुष्य सुखाने चाललं होतं. मागे ड्रमवाला, शेजारी गिटार घेऊन धाकटा. लोक दादासाठी येत. धाकटा उभा राही तिथे दिव्याचा उजेड अर्धाच पोचे, आणि कुणी त्याबद्दल हळहळलंच तर तो म्हणे, "मला काय, मी दादासाठी वाजवतो."

मग दादाचे वरचे सूर निसटू लागले. एखाद्या ओळीच्या टोकाशी तो खोकल्याचं सोंग करी, कधी माईक लोकांपुढे धरून "आता तुम्ही म्हणा!" म्हणे. लोकांना ती गंमत वाटे. धाकट्याला वाटत नसे. एका शनिवारी त्याने कुणाला न सांगता गिटारच्या साऱ्या तारा एक पायरी खाली उतरवल्या. बोटं तीच, जागा त्याच, गाणी तीच. फक्त सगळं थोडं खाली सरकलेलं. ड्रमवाल्याला सुराशी घेणंदेणं नव्हतं. त्या रात्री दादा असा गायला, की घरी येताना बसमध्येही थांबेना.

"गळा परत आला रे! बघितलंस? आपोआप परत आला!"

"गुळण्यांनी आला असेल," धाकटा बोलून गेला होता. आदल्याच दिवशी त्याने सहज सुचवलेल्या गुळण्या. काही महिन्यांनी तारा आणखी एक पायरी उतरल्या, आणि गुळण्या सकाळ-संध्याकाळ झाल्या.

पण उतरवलेल्या तारा सैल पडतात. त्यांचा आवाज मिटल्या दारामागून आल्यासारखा येतो. "तुझी गिटार दबलीय," दादा परवा म्हणाला, "गोधडीखाली झोपून वाजवतोयस असं वाटतं. ते काय ते, ट्रेबल बूस्टर म्हणतात ना, ते घेऊन टाकू. मी येतो बरोबर." पायाखाली ठेवायची लोखंडी डबी; ती गिटारचे बारीक, वरचे आवाज निवडून पुढे ढकलते. दादाला हे ड्रमवाल्याने सांगितलं होतं.

दुकानात कुणीही आधी सूर तपासणार, आणि दादासमोर तारा उतरवलेल्या निघणार. धाकट्याने गिटार मांडीवर घेतली आणि एकेक तार वर चढवत नेली. खुंटी फिरवताना तार कुरकुरे, आणि प्रत्येक कुरकुरीला तो भिंतीकडे बघे. पलीकडे गुळण्या चालूच होत्या.

निघताना वहिनी दारापर्यंत आली.

"दोघं एक डबी आणायला चाललात की जमीन घ्यायला? इस्त्रीचा शर्ट काय, सेंट काय!"

"अगं, वस्तू पसंत करायची तर माणसाने जरा पसंत पडण्यासारखं दिसावं."

"तुम्ही नका पसंत करू, भाऊजींना करू दे. त्यांना कळतं." मग ती धाकट्याकडे वळून हळूच म्हणाली, "यांचा गळा तुमच्यामुळे टिकला हो, भाऊजी. नाहीतर घर नुसतं सुनं झालं असतं."

धाकट्याने चपलेचा पट्टा उगीचच पुन्हा लावला.

दुकान अरुंद आणि खोल होतं. दोन्ही भिंतींवर गिटारी टांगलेल्या, मध्ये एकच माणूस जाईल एवढी वाट, आणि टोकाला काचेच्या टेबलामागे दुकानदार. चष्मा कपाळावर चढवून, दुसरा चष्मा डोळ्यांवर लावून बसलेला. त्याने गिटार घेतली, सूर तपासायचा ट्यूनर लावला. हिरवा दिवा लागला. धाकट्याने श्वास सोडला.

"कसा आवाज पाहिजे?" दुकानदाराने विचारलं.

उत्तर दादाने दिलं. "मागच्या रांगेत झोपलेला माणूस उठून बसला पाहिजे, आणि याची माफी मागितली पाहिजे. माझी नाही मागितली तरी चालेल."

दुकानदार हसला. त्याने दोन डब्या काढून काचेवर ठेवल्या, एक करडी, एक तांबडी. "ही करडी नवीन. सरळ बोलते, तिखट बोलते. ऊन असो, थंडी असो, हिचं बोलणं बदलत नाही. आणि ही तांबडी, जुन्या ट्रान्झिस्टरची. गोड आहे, मऊ आहे, पण लहरी. जास्त तापली की रुसते."

"तशी एक घरी आहे," दादा म्हणाला. "आणि भाऊ तिच्याच बाजूचा आहे."

"वायर गिटारमधून थेट हिच्यातच घाला, मध्ये दुसरं काही नको. आणि ऍम्प फार स्वच्छ नको, जरा गढूळ असू द्या. स्वच्छ ऍम्पवर या दोघी नुसत्या किंचाळतात."

त्याने कोपऱ्यातला ऍम्प, गिटारचा आवाज बाहेर टाकणारी पेटी, लावून दिला. धाकट्याने आधी तांबडी पायाखाली घेतली. आवाज उजळला, पण कडा गोलच राहिल्या; घासून नुकतीच पुसलेली काच असावी तसा. मग करडी. तिच्यावर पाय पडला आणि पहिलीच तार खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभी राहिली. टांगलेल्या गिटारींच्या तारा बारीक शहारल्या. धाकट्याने ताबडतोब पाय उचलला, कुणाच्या तरी खोलीत न विचारता शिरल्यासारखा.

"असं एकटं ऐकून काय कळणार?" दादा पुढे आला. "गाण्यात बसते का बघू. घे, आपलं शेवटचं घे."

'आपलं शेवटचं' म्हणजे ज्या गाण्याने ते कार्यक्रम संपवत ते. त्याचा शेवट चढत चढत अगदी वर जाई. आणि तारा आज वर चढवलेल्या होत्या. धाकट्याला बोट दुखतंय म्हणता आलं असतं. वायर सैल आहे म्हणता आलं असतं. तारा पुन्हा उतरवायला एक क्षण मागून घेता आला असता. दादाला कुठे काय कळणार होतं?

"दुकानात कशाला, दादा?"

"लाजतोस काय नवऱ्या मुलासारखा? वाजव!"

त्याने करडीवर पुन्हा पाय ठेवला आणि वाजवायला सुरुवात केली. दादाने काचेवर बोटांनी ताल धरला आणि गाऊ लागला. पहिल्याच ओळीला त्याची मान किंचित वर झाली, बुटक्या माणसाने उंच फळीकडे बघावं तशी. दुसऱ्या ओळीला गळ्याच्या शिरा दिसू लागल्या. धाकट्याने नजर बोटांवर ठेवली. शेवटची चढण आली. दादाचा आवाज पायरी चुकलेल्या पावलासारखा हवेत राहिला, आणि मग तो नव्हताच.

त्या रिकाम्या जागेत गिटार शिरली. धाकट्याची बोटं आपली आपण तो चढता सूर धरून वर गेली, आणि करडी डबी तो सूर खोलीभर उजळत घेऊन गेली. दादाच्या आवाजाची जी वाट होती तीच वाट, तेच वळण, तोच शेवट. कितीतरी वर्षं अर्ध्या उजेडात उभं राहून त्याने ती वाट पाठ केली होती. त्याने डोळे मिटले होते. ओळ संपली, त्याने ती पुन्हा घेतली. आणखी एकदा घेतली.

डोळे उघडले तेव्हा दादा काचेवर दोन्ही हात टेकून उभा होता. तोंड मिटलेलं. तो ऐकत होता.

"वा!" दुकानदार म्हणाला. "काय चढवलंत!"

ऍम्पची बारीक गुणगुण तेवढी चालू होती.

"छान वाजतं," दादा अखेर म्हणाला. मग खिशातून रुमाल काढून त्याने मान पुसली, आणि अगदी सहज, भाजीत मीठ कमी आहे म्हणावं तसं म्हणाला, "आता नेहमीसारखं लाव."

"म्हणजे?"

"खाली रे. शनिवारी लावतोस तसं."

धाकट्याचा हात खुंटीपाशी गेला आणि तिथेच थांबला. "तुला... कधीपासून?"

"अरे, घसा माझा आहे. काल चढवत नव्हता तो जिना आज चढवला, तर पायऱ्या कुणीतरी कमी केल्या एवढं कळतं की माणसाला."

"मग बोलला का नाहीस?"

"तू बोललास?"

धाकट्याच्या तोंडून निघालं ते अगदी भलतंच होतं. "आणि त्या गुळण्या?"

"त्याने तुझ्या वहिनीला बरं वाटतं." दादा हसला, पण हसणं डोळ्यांपर्यंत गेलं नाही. "पाणी गरम करते, मीठ घालते, दाराशी उभी राहून ऐकते. तिचं मन कशाला मोडा?"

दुकानदार कपाळावरचा चष्मा काढून पुसत राहिला होता. धाकट्याने तारा उतरवल्या. एकेक तार सैल होत खाली आली, आणि खोलीतला आवाज पुन्हा ओळखीचा झाला, गोधडीखालचा.

दुकानदाराने ऐकून मान हलवली. "एवढं खाली लावता होय? मग डबी कशाला हवी? जाड तारा घाला. ताण येईल, आवाज भरेल. आहे त्या ऍम्पवर काम होऊन जाईल."

"जाड तारा?" धाकटा म्हणाला. "असं होय?"

ते तो इतक्या नवलाने म्हणाला, की स्वतःच्याच कानांना ते खोटं लागलं. दादाने त्याच्याकडे एकदा पाहिलं. फार वेळ नाही.

"तारा नकोत," दादा दुकानदाराला म्हणाला. "डबीच बांधा. करडी."

"नको दादा. तांबडी घेऊ. ती मऊ आहे, तुझ्या आवाजाला जागा देते."

"मला जागा पुष्कळ मिळाली. करडीच बांधा हो. आणि तू," तो धाकट्याकडे वळला, "शनिवारी शेवटच्या गाण्याला तिच्यावर पाय ठेव. मी माईक लोकांपुढे धरत बसणार नाही आता. तुझ्यापुढे धरीन."

धाकट्याला पुन्हा नको म्हणायचं होतं. निदान एकदा, आवाज चढवून म्हणायचं होतं. त्याने वायर गुंडाळायला घेतली. ती तो फार नीट गुंडाळत राहिला.

बाहेर ऊन थेट डोक्यावर आलं होतं. त्यात सावल्याही उरल्या नव्हत्या. बसथांब्यावर दादा डबीची पिशवी छातीशी धरून उभा राहिला आणि येणाऱ्याजाणाऱ्या बायामाणसांवर शेरे मारत राहिला, रोजच्यासारखा. गिटारचं ओझं धाकट्याच्या खांद्यावर होतं. मध्येच दादा सवयीने तेच गाणं गुणगुणू लागला, आणि चढणीपाशी आल्यावर आवाज न करता नुसता थांबला. बोटांनी पिशवीवर ताल मात्र चालू ठेवला, पुढच्याने जागा घ्यावी म्हणून.

धाकटा रस्त्याकडे बघत होता. सकाळपासून जे त्याने स्वतःला सांगितलं होतं, ते सगळं खरंच होतं: दादाची अब्रू, वहिनीचं घर, शनिवारचे लोक. त्यासाठीच त्याने तारा उतरवल्या होत्या. जाड तारांचं मात्र त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं; त्या घातल्या की पुन्हा वर चढणं अवघड, हेही. आणि दुकानात दादाचा आवाज तुटला, तो त्याला ऐकू आला होता. तरी तो थांबला नव्हता. त्याला थांबायचं नव्हतं.